दमलेल्या पायांना वेग शिकवता येत नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला गेलात तर अंधारात धावणारी मुलंमुली दिसतात. त्यातली बरीचशी पोलीस भरतीची. भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. त्यात शंभर मीटरला १५ गुण, आणि ते पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलाला ११.५० सेकंदांच्या आत पोचावं लागतं. उजाडलं की त्याच मैदानावर लहान मुलं येऊ लागतात. कुणी शालेय जिल्हास्तरीय स्पर्धेच्या तयारीला, कुणी कबड्डीला, कुणी क्रिकेटच्या कोचिंगला. वयं वेगळी, खेळ वेगळे, पण पहिला हुकूम बहुतेक ठिकाणी एकच असतो : "आधी मैदानाला पाच चकरा मारा."

चकरा झाल्या की शंभर-शंभर मीटरच्या दहा धावा. विश्रांती किती? चालत परत येण्याएवढी. पहिल्या दोन-तीन धावा झकास होतात. पाचव्या-सहाव्या धावेपासून मान मागे जाते, खांदे कानांकडे चढतात, पावलं जमिनीवर थपथप आपटू लागतात. शेवटच्या धावा उघड उघड हळू असतात. मुलं घामाने निथळतात, एखाद-दुसरं उलटी करतं. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या पालकांना वाटतं, आज चांगली मेहनत झाली.

मेहनत झाली यात शंका नाही. दम वाढवायचा असेल तर अशा सरावाचा उपयोगही आहे. पण वेगासाठी पाहिलं, तर त्या मुलांच्या मज्जासंस्थेने तासभर हळू धावण्याचा सराव केलेला असतो. वेग हे कौशल्य आहे, आणि ते फक्त ताज्या शरीराला शिकवता येतं. धावण्याच्या शास्त्रात ही गोष्ट नवी नाही. तरीही आपल्या शाळांच्या आणि अकादम्यांच्या मैदानांवर ती अजून नीट पोचलेली नाही.

शंभर मीटरचे पाच तुकडे

१६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये उसेन बोल्टने शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. त्या शर्यतीचं लेझरने मोजमाप झालं होतं, त्यामुळे तिचा दर २० मीटरचा हिशेब उपलब्ध आहे. पहिले २० मीटर २.८९ सेकंद, पुढचे २० मीटर १.७५, मग १.६७, मग १.६१ आणि शेवटचे २० मीटर १.६६. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान माणसालासुद्धा पूर्ण वेग गाठायला ६० मीटर लागले, आणि शेवटच्या टप्प्यात तोही किंचित मंदावलाच. त्याचा कमाल वेग होता ताशी ४४.७२ किलोमीटर. शंभर मीटरमध्ये त्याने जेमतेम ४१ पावलं टाकली.

या आकड्यांतून प्रशिक्षकाने घ्यायची गोष्ट अशी की शंभर मीटर ही एकच क्रिया नाही. बंदुकीच्या आवाजाला प्रतिसाद देणं वेगळं, स्थिर अवस्थेतून वेग पकडणं वेगळं, कमाल वेगात धावणं वेगळं आणि तो वेग कमीत कमी घसरू देणं वेगळं. लहान मुलांचा कमाल वेग कमी असतो, त्यामुळे तो गाठलाही लवकर जातो, साधारण २० ते ३० मीटरमध्ये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शंभर मीटर पळायला लावलं, तर निम्म्याहून जास्त अंतर ते मूल मंदावत धावत असतं. त्यातून ते मंदावणंच शिकतं.

मैदानी खेळांमध्ये तर शंभर मीटर सरळ धावायची वेळ क्वचितच येते. क्रिकेटमध्ये एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर १७.६८ मीटर. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो ती चार-पाच मीटरची. फुटबॉलमधल्या बहुतेक जोरदार धावा वीस मीटरच्या आत संपतात. या मुलांना हवा असतो तो पहिल्या दहा मीटरचा वेग, म्हणजे त्वरण.

जमीन मागे ढकलायची

वेगवान माणूस पाय भराभर हलवतो म्हणून वेगवान असतो, असा सर्वसाधारण समज. २००० साली पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर वेगवेगळ्या क्षमतेची माणसं पळवून हा समज तपासला. पाय हवेतून मागून पुढे आणायला वेगवान आणि संथ धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागत होता. फरक होता तो पाऊल जमिनीवर असताना जमिनीवर किती जोर पडतो, त्यात. कमाल वेगात असताना उत्तम धावपटूचं पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ टेकतं. तेवढ्या क्षणात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर द्यायचा असतो.

सुरुवातीच्या पावलांचं गणित थोडं निराळं. तिथे पाऊल जमिनीवर जवळपास दुप्पट वेळ असतं आणि जोराची दिशा महत्त्वाची ठरते. जोर जितका मागच्या दिशेने, तितकं शरीर पुढे जातं. त्यासाठी सगळं अंग, डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत, पुढे झुकलेलं लागतं. बंद पडलेली गाडी ढकलताना माणूस जसा आपोआप झुकतो, तसं. सुटल्या सुटल्या ताठ उभं राहणारं मूल जोर खाली देत बसतं आणि जागच्या जागी उसळतं.

हे मुलाला कसं सांगायचं, यावरही बरंच संशोधन झालेलं आहे. "गुडघा सरळ कर, घोटा आवळ, हात नव्वद अंशात ठेव" अशा सूचना दिल्या की मुलाचं लक्ष स्वतःच्या अवयवांकडे जातं आणि हालचाल आखडते. "जमीन मागे ढकल" किंवा "त्या झाडाकडे झेप घे" असं म्हटलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने लक्ष शरीराबाहेर ठेवण्याचे फायदे अनेक कौशल्यांत दाखवून दिले आहेत. पळणाऱ्या मुलामागून "हात चालव, हात चालव!" असं ओरडण्याने फारसं साधत नाही ते यामुळेच.

आता विश्रांतीचा प्रश्न. पूर्ण ताकदीच्या छोट्या धावेला लागणारी बरीचशी ऊर्जा स्नायूंत आधीच साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. हा साठा काही सेकंदांचा असतो आणि भरून यायला काही मिनिटं लागतात. म्हणून प्रशिक्षकांमध्ये एक ढोबळ नियम रूढ आहे : पूर्ण वेगाच्या दर दहा मीटरमागे एक मिनिट विश्रांती. तीस मीटर धावलात की तीन मिनिटं थांबा. आपल्या मैदानांवर ही तीन मिनिटं कुणालाच सोसत नाहीत. मुलं उभी दिसली की शिक्षकांना अपराधी वाटतं आणि फी भरलेल्या पालकांना फसवल्यासारखं.

खो-खोच्या चौकोनात

गंमत अशी की त्वरणाची एक उत्तम शाळा महाराष्ट्राने शंभराहून अधिक वर्षं चालवली आहे. खो-खोला नियमांची शिस्त लावण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे.

खो-खोचे नियम त्वरणाच्या नजरेने वाचून पाहावेत. आठ खेळाडू मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसलेले. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की उलट फिरता येत नाही. मग तो बसलेल्याच्या पाठीला स्पर्श करून "खो" देतो. बसलेल्याचा एक पाय मागे, टाच उचललेली, वजन पुढच्या चवड्यावर. स्पर्श झाला की त्याच खालच्या स्थितीतून, अंग झुकलेलं ठेवून, दोन-तीन पावलांत जास्तीत जास्त वेग. स्टार्टिंग ब्लॉकवर धावपटू जे करतो, त्याच्या फार जवळची ही क्रिया. शिवाय चार-सहा मीटरची धाव झाली की पुन्हा खो देऊन बसायचं, म्हणजे विश्रांतीही खेळातच बांधलेली.

लंगडीचंही तसंच. एका पायावर उड्या मारत पाठलाग करताना घोटा, पोटरी आणि टाचेमागची शीर वारंवार ताणली जाऊन झटक्यात आखडते. परदेशी पुस्तकांत ज्याला प्लायोमेट्रिक्स म्हणतात, त्याचा प्राथमिक शाळेला झेपेल असा हा प्रकार आहे. आट्यापाट्या, शिवाशिवी, विषामृत यांत अचानक थांबणं, हुलकावणी देणं, दिशा बदलणं येतं. थांबणं शिकलेलं नसेल तर वेग धोक्याचा ठरतो. गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या अनेक दुखापती कुणाचा धक्का न लागता होतात, थांबताना, वळताना किंवा उडीवरून उतरताना. पौगंडावस्थेतल्या मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो.

या खेळांची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. खो-खोत दहा मीटरपलीकडची सरळ धाव कमी असते, त्यामुळे कमाल वेग त्यातून घडत नाही. तो घडवायला तेरा-चौदा वर्षांनंतर वीस मीटरचा धावता आरंभ घेऊन पुढचे वीस मीटर पूर्ण वेगात, अशा मोजक्या धावा लागतात. पण पाया घालायला खेळ पुरेसे आहेत. फोनमध्ये आणि ट्यूशनमध्ये गेलेली संध्याकाळ परत मिळाली, तर दहा वर्षांच्या मुलाला वेगाचा वेगळा क्लास लावण्याची गरज नाही.

उंची वाढते तेव्हा

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत मुलांकडून तीस मीटरची धाव, शटल रन, उभी उडी, आठशे मीटर अशा चाचण्या करून घेतल्या जातात. चाचणी घेणं रास्तच. पण दहा ते पंधरा या वयात घड्याळावरचा आकडा काय सांगतो, हे कळायला मुलाची जन्मतारीख पुरत नाही.

उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षी. त्यातही एक-दोन वर्षं मागे-पुढे होतं. एकाच इयत्तेत, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. लवकर वयात आलेल्या मुलाचे स्नायू आधी भरतात आणि चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत तो पहिला येतो. यात सरावाचा हात किती आणि संप्रेरकांचा किती, हे पदक सांगत नाही. तीन वर्षांनी मागून वयात आलेली मुलं त्याला गाठतात, आणि सतत जिंकायची सवय झालेला तो मुलगा मैदान सोडतो. दुसरीकडे, उशिरा वाढणारा गुणी मुलगा बाराव्या वर्षीच्या निवडीत बाद होऊन घरी बसलेला असतो. वय लपवण्याचे प्रकार यात आणखी गोंधळ घालतात. त्याला आळा घालायला क्रिकेट मंडळ लहान गटांतल्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतं.

झपाट्याच्या वाढीच्या त्या वर्षभरात पाय आधी लांबतात, धड मागून. काल जमणारी उडी आज जमत नाही, धावताना मूल अडखळतं. गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टेंगळावर दुखू लागतं, किंवा टाच दुखते. हाडाच्या वाढत्या टोकावर स्नायूची ओढ पडल्याने हे होतं. या काळात उड्या आणि जोरदार धावा कमी करून तोल, बैठका, पोहणं यांवर भर द्यावा. "आळशी झालाय" म्हणून चकरा वाढवल्या की दुखणं महिनोन् महिने लांबतं. प्रशिक्षकाने दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची वहीत लिहून ठेवली, तरी या काळाची चाहूल लागते. त्यासाठी भिंतीवर मारलेली एक पट्टी पुरते.

मुलींची गोष्ट आणखी नाजूक. तेरा ते पंधराच्या दरम्यान शरीराची ठेवण बदलते आणि वर्ष-दोन वर्षं वेळ सुधारत नाही, कधी घसरतेही. हे नैसर्गिक आहे. नेमक्या त्याच वेळी "वजन वाढलंय, खाणं कमी कर" असा सल्ला मिळतो, आणि तो फार महाग पडतो. सरावाच्या मानाने कमी खाणाऱ्या मुलीची पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कमकुवत होतात, थकवा जात नाही. पाळी थांबणं हे कसून सराव केल्याचं लक्षण मानू नये. ती डॉक्टरकडे जायची वेळ असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या मुलींची घड्याळावरची वेळ पाहण्याआधी त्यांचं हिमोग्लोबिन पाहायला हवं.

मुंबई, पुणे आणि गोव्याशी नातं असलेल्या मुलींनी वेगाचा इतिहास घडवलेला आहे, हे इथे सांगायला हवं. १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत ४ × १०० मीटर रिलेचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत मेरी डिसोझा आणि स्टेफी डिसोझा होत्या. दोघी हॉकीही खेळत. एकाच खेळाला लहानपणापासून जुंपून घेतल्याशिवाय वेग येत नाही, असं मानणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

सराव कसा असावा

बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगाचा सराव फार साधा असतो. पंधरा मिनिटं अंग तापवायला शिवाशिवी, लंगडी आणि मैदानावर सगळे ज्याला "एबीसी" म्हणतात ते व्यायाम. हे एबीसी पोलंडचे प्रशिक्षक गेरार्ड माख यांनी रूढ केले. ते वेगाची तयारी करून देतात, पण वेगाच्या धावांची जागा घेऊ शकत नाहीत. मग दहा मीटरच्या पाच-सहा धावा, प्रत्येक वेगळ्या स्थितीतून : उभं राहून, पालथं पडून, गुडघ्यावर बसून, पाठमोरं उभं राहून. प्रत्येक धावेनंतर एक मिनिट गप्पा. मग वीस मीटरच्या तीन-चार धावा, दोन-दोन मिनिटं थांबून. एकूण पल्ला सव्वाशे मीटरच्या आसपास. त्यानंतर खेळ, आणि खेळानंतर जोर-बैठका, दोरीवरच्या उड्या. दम वाढवणाऱ्या धावा घ्यायच्याच असतील तर सगळ्यात शेवटी, किंवा दुसऱ्या दिवशी. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस, आणि दोन सत्रांत एका दिवसाचं अंतर.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तीस-चाळीस मीटरच्या धावा, लहानसा चढ, कमरेला बांधलेलं टायर हे चालतं. टायरमुळे झुकून ढकलण्याची सवय लागते. जमिनीवर पसरलेल्या दोरीच्या शिडीत पाय भरभर टाकण्याचे व्हिडिओ लोकप्रिय आहेत. त्यातून पावलांचा ताल सुधारतो, मुलांना मजाही येते, पण जमिनीवर जोर देणं त्यात जवळपास नसल्याने धावण्याचा वेग त्यातून वाढेल अशी आशा धरू नये. वजन उचलल्याने उंची खुंटते, ही भीतीही निराधार आहे. योग्य देखरेखीखाली केलेले ताकदीचे व्यायाम मुलांसाठी सुरक्षित असल्याचं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही स्पष्ट केलेलं आहे.

घड्याळाचा सगळ्यात चांगला उपयोग सराव थांबवण्यासाठी होतो. तीस मीटर पाच सेकंदांत धावणारं मूल ५.२ वर गेलं की त्या दिवशीचा वेगाचा सराव संपला. हातातल्या घड्याळाची वेळ शंभर मीटरला इलेक्ट्रॉनिक घड्याळापेक्षा साधारण ०.२४ सेकंदाने कमी भरते, हेही ध्यानात ठेवावं. गावच्या मैदानावर ११.३ ची वेळ देणारा मुलगा प्रत्यक्ष चाचणीत ११.५० च्या बाहेर जातो, तेव्हा त्यात नशिबाचा दोष नसतो.

झोप हाही सरावाचाच भाग. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेचारला उठून मैदानावर येणारा मुलगा रात्री अकराला क्लासचा गृहपाठ आटपत असेल, तर त्याच्या पायांतला ताजेपणा आणायचा कुठून?

ताजेपणाचं तंत्र कळूनही माणसं घसरतात, याचा दाखला कॅनडाचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस. वेगाचा सराव एकतर जवळजवळ पूर्ण ताकदीने करायचा, नाहीतर अगदी हलका, मधल्या वेगात रेंगाळायचं नाही, ही त्यांची मांडणी आजही अनेक प्रशिक्षक वापरतात. पण त्यांचा शिष्य बेन जॉन्सन १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये उत्तेजकं घेतल्याने पकडला गेला. आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजकविरोधी पथक आल्याची कुणकुण लागताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला होता. भरतीच्या मैदानांभोवती "ताकदीचं इंजेक्शन" विकणाऱ्यांपासून मुलांना वाचवायचं, तर सोळाव्या वर्षी जिंकलंच पाहिजे हा आग्रह आधी सोडावा लागेल.

घाई कशाला

जुलै २०२५ मध्ये अनिमेष कुजूरने ग्रीसमध्ये १०.१८ सेकंदांची वेळ देऊन शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. छत्तीसगडचा हा मुलगा अंबिकापूरच्या सैनिकी शाळेत शिकला आणि आधी फुटबॉल खेळायचा. शर्यतींकडे तो वळला किशोरवय सरत आल्यावर. स्वतः बोल्टलाही शाळेत आधी क्रिकेटचं वेड होतं. दोन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, पण लहानपणी अनेक खेळ खेळलेल्या शरीराला पुढे शिकवणं सोपं जातं, हे जगभरचे प्रशिक्षक सांगतात.

म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाला कुठल्या अकादमीत घालावं, असं विचारणाऱ्या पालकांनी तिथे जाऊन एक संध्याकाळ नुसतं बघत बसावं. वेगाच्या धावा सुरुवातीला घेतात की शेवटी? दोन धावांमध्ये किती थांबतात? मुलांची उंची कुठे लिहिलेली आहे का? दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला काय उत्तर मिळतं? सिंथेटिक ट्रॅक, महागडे बूट आणि भिंतीवरची पदकं यांपेक्षा या चार उत्तरांवरून जास्त कळतं. शाळांनाही खर्च न करता एक बदल उद्यापासून करता येईल : खेळाच्या तासाची पहिली दहा मिनिटं, मुलं ताजी असताना, छोट्या धावांना द्यायची. आणि शिक्षा म्हणून चकरा मारायला लावणं कायमचं बंद करायचं. धावणं ही शिक्षा आहे असं शाळेने सात-आठ वर्षं शिकवल्यावर भरतीच्या वर्षी मुलाने आवडीने धावावं, ही अपेक्षा गैरच आहे.